बादली नको, सुकतीची वेळ सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळची सुट्टी लागली की दक्षिण गोव्यातल्या कोलवा ते मोबोर पट्ट्यातली रिसॉर्ट्स लहान मुलांच्या कुटुंबांनी भरून जातात. निवांत न्याहारी होते आणि साडेदहाच्या उन्हात मुलांच्या हाती प्लास्टिकची बादली नि जाळी देऊन त्यांना 'खेकडे पकडायला' धाडलं जातं. त्या घटकेला दर्या भरतीचा आहे की सुकतीचा, म्हणजे ओहोटीचा, ही चौकशी ना आईबाप करतात, ना रिसॉर्टवाले. तासाभराने बादलीत कोमट पाणी असतं आणि त्यात उताणे पडलेले दोन खेकडे.

यातलं निम्मं काम वेळ पाहिली तर सुधारतं. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तेव्हा पूर्ण भरती, आणि सव्वासहा तासांनी, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, सुकती. अष्टमीला सहाला भरती, बाराला सुकती. पण ते भांगाचे दिवस, पाणी फारसं मागे हटत नाही, वर ऊन डोक्यावर. लहान मुलं बरोबर असतील तर द्वितीया ते चतुर्थी हे दिवस उत्तम, पक्ष कुठलाही असो. तृतीयेला पहाटे सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी साडेआठला सुकती. उधाणाचा जोर अजून टिकून असतो आणि ऊनही कोवळं. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात खात्री करून घ्यावी. तक्त्यात वेळेपुढे मीटरचा आकडा असतो. सुकतीचा आकडा 0.5 किंवा त्याखाली असला तर खडक छान उघडे पडतात. तो 1 च्या आसपास असला तर त्या दिवशी खडकांचा नाद सोडावा.

खडकांवर सुकतीच्या तासभर आधी पोचावं आणि पाणी वळलं की अर्ध्या तासात परत फिरावं. भरती सारख्या गतीने चढत नाही. उधाणात आपल्याकडे पाणी दोन मीटरांच्या आसपास चढतं. त्यातलं पहिल्या तासात जेमतेम पंधरा-सतरा सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी जवळजवळ अर्धा मीटर. पाच वर्षांच्या मुलाची कंबर अर्ध्या मीटरच्या थोडी वर. पाळोळेच्या उत्तर टोकाकडून समोरच्या बेटावर सुकतीत चालत जाणारे नेमके इथे फसतात. जाताना घोट्याएवढं असलेलं पाणी येताना छातीला लागतं.

हणजूण, वागातोर, दोनापावला, बांबोळी इथे जांभ्याचे खडक आहेत आणि त्यांच्या खाचांत डबकी राहतात. या खडकांना चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्या ब्लेडसारख्या कापतात, म्हणून रबरी चपला तिथे कामाच्या नाहीत. मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट हवेत. डबक्याजवळ गेल्यावर आधी दोन मिनिटं गप्प उकिडवं बसावं, आपली सावली पाण्यावर पडू न देता. मग दगडासारखी वाटणारी गोगलगाय सरकायला लागते, समुद्रफूल हळूहळू आपल्या मिश्या पसरतं, आणि एखादा रिकामा वाटलेला शंख उठून चालू लागतो. तो हर्मिट क्रॅब, दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा. त्याला ओढून बाहेर काढू नये. अंग तुटेल पण तो सुटणार नाही.

जवळून पाहायचंच असेल तर आइस्क्रीमचा पारदर्शक डबा पुरे. त्याच डबक्यातलं पाणी, एका वेळी एकच जीव, फार तर दोन मिनिटं, आणि परत जिथला तिथे. थोडं पाणी उन्हात भराभर तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. बादलीतले जीव मरतात ते यामुळे. एकाच बादलीत खेकडा आणि छोटा मासा ठेवला तर त्यांचा निकाल त्याआधीच लागतो. हाताला सनस्क्रीन किंवा डासांचं मलम असेल तर तो हात पाण्यात घालू नये. उलटवलेला दगड पुन्हा त्याच बाजूवर ठेवावा, कारण खालच्या ओलसर बाजूला अंडी आणि स्पंज असतात, ते उन्हात बघता बघता वाळतात. तारामासा फोटोसाठी पाण्याबाहेर धरायचा, हा प्रकार तर बंदच व्हावा.

कोलवा-बाणावलीला खडक नाहीत म्हणून मुलं हिरमुसतात. उगाच! लाट मागे सरते तिथे ओल्या वाळूत बोटाच्या पेराएवढे तिकोनी शिंपले उघडे पडतात आणि पुढची लाट यायच्या आत पाय रोवून पुन्हा गडप होतात. सगळ्यात मोठी गंमत मात्र पाळोळेसारख्या संथ किनाऱ्यावर, सुकतीत. वाटाण्याएवढा खेकडा बिळाबाहेर येतो, नांगीने ओली वाळू तोंडाशी नेतो, वाळूच्या कणांवरचं खाणं चाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची मोहरीहून थोडी मोठी गोळी करून मागे टाकतो. एक पाऊल पुढे, आणखी एक गोळी. तासाभरात बिळाभोवती सूर्यकिरणांसारखी रांगोळी तयार होते. चालताना ती दिसेल, खेकडा दिसणार नाही, कारण पावलांची थरथर कळताच तो आत जातो. तीन-चार मीटरवर बसून राहिलं की दोन-तीन मिनिटांत एकेक डोकं वर येतं. मुलाला हे एकदा जमलं की जाळी आपोआप विसरली जाते.

शंख घरी नेण्याआधी तोंड तपासावं. आत खरखरीत झाकण घट्ट बसलेलं असेल तर तो जिवंत आहे. असा शंख खोलीवर नेला तर दुसऱ्या दिवशी वासानेच कळतं. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार जिवंत शंख तर हातातच घेऊ नये; त्यातल्या गोगलगाईला विषारी सुई असते. समुद्रघोडा, प्रवाळ, समुद्रकाकडी यांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू आहे, मग ते मेलेले सापडोत की विकत मिळोत.

आता डंखांबद्दल. 2020 च्या नोव्हेंबरमध्ये दोन दिवसांत गोव्यात 90 हून अधिक जणांना जेलीफिशचे डंख झाले होते. वाळूवर निळ्या फुग्यासारखं काही पडलेलं दिसलं तर मुलं हमखास हात लावतात. तो ब्लू बॉटल, आणि वाळत आलेलाही चावतो. डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवावं. गोड्या पाण्याने किंवा वाळूने चोळल्याने कातडीवर राहिलेल्या, न फुटलेल्या डंखपेशी फुटतात आणि आग वाढते. लघवीचा उपाय निव्वळ खुळचटपणा. चिकटलेले धागे चिमट्याने काढून मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आत, वीस मिनिटं तो भाग धरावा. पाणी आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताला लावून पाहावं. मुलांची कातडी लवकर भाजते. व्हिनेगर सगळ्याच जातींवर चालत नाही. श्वास लागला, उलट्या झाल्या किंवा चेहरा सुजला तर थांबू नये, जीवरक्षकाला हाक मारावी आणि 108 ला फोन लावावा.

सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाहणं मुलांना आवडतं आणि ते दाखवावंच. फक्त टाकून दिलेल्या मासळीत अनवाणी फिरू देऊ नये. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक करवती काटा असतो, मेल्यावरही तो तसाच उभा. काटा रुतला तरी उपाय गरम पाण्याचाच, पण अर्धा ते दीड तास. आत तुकडा राहिला का ते डॉक्टरला दाखवावं आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारावं. जाळ्यात कधी समुद्रसर्पही येतो, वल्ह्यासारखी चपटी शेपटी ही त्याची खूण. तो निपचित दिसला तरी विषारीच. गढूळ उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चालावं, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट, शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा, आधीच निसटतं.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं सगळ्यात उजळ क्षितिजाकडे धावतात, म्हणून दर्याकडे तोंड केलेले फ्लडलाइट त्यांना उलट दिशेला, रस्त्याकडे नेतात. पिल्लू उचलून पाण्यात सोडू नये, वनखात्याच्या माणसाला बोलवावं. दिवे मालवणं मात्र रिसॉर्टच्या हातात आहे आणि त्याला खर्च शून्य.

आपल्या दैनिकाकडे एक मागणी आहे. पंचांगात तिथी आणि सूर्योदय आपण रोज छापताच. त्याच चौकटीत मुरगावच्या दिवसातल्या दोन्ही सुकतींच्या वेळा मीटरच्या आकड्यासह द्याव्यात, एक ओळ पुरेल. रिसॉर्टवाल्यांना ती कापून न्याहारीच्या टेबलाशेजारी चिकटवता येईल.

आपले,
काही नियमित वाचक, काणकोण