बंदीच्या आधी फ्रीजर भरताना

अलिबाग, २० मे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, यांत्रिक होड्या बंद, म्हणजे ६१ दिवस. तेवढ्यांची बेगमी म्हणून काय काय आणू, असं विचारतोस. आधी काय आणू नकोस ते सांगतो. ओले बोंबील नकोत. त्यांच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, गोठून वितळले की हातात लगदा येतो. बोंबील हवेतच तर सुके घे, मे महिना त्यांचाच. तारलीही नको. तिच्यातलं तेल थंडीतसुद्धा खवट होत राहतं. बांगड्याचं तेच, पण जरा सावकाश, म्हणून बांगडे आणलेस तर पहिल्या तीन-चार आठवड्यांत संपव. सुरमई, पापलेट आणि सालासकट कोलंबी यांच्यावर मात्र दोन महिने निर्धास्त काढता येतात.

घेताना कल्ला उचलून बघ. लाल असला आणि चिकट नसला तर ठीक, तपकिरी असला तर पुढे चल. डोळा फुगीर हवा, बोटाने दाबलेला खळगा लगेच भरून यायला हवा. आतडी आणि कल्ले तिथेच कोळणीकडून काढून घे. तुकड्या बोटभर जाडीच्या, दोन सेंटिमीटरच्या सांग. जाड तुकडी आतपर्यंत गोठायला वेळ लागतो आणि सगळी गोम त्या वेळातच आहे.

पुण्यापर्यंतच्या प्रवासाला थर्माकोलचा डबा घे आणि माशाच्या वजनाइतका फोडलेला बर्फ. खाली थर, वर थर, मासा पिशवीत बांधलेला, म्हणजे वितळलेल्या पाण्यात डुंबत राहणार नाही. हे मी केवळ चवीसाठी म्हणत नाही. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे उन्हाच्या गाडीत काही तास राहिले, की जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामाइन तयार करतात. एकदा तयार झालं की ते गोठवून जात नाही, उकळून नाही, तळूनही नाही. खाल्ल्यावर थोड्या वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, अंगावर पित्त उठतं, आणि लोक म्हणतात मासे सोसले नाहीत. दोष माशाचा नसतो, बर्फात केलेल्या कंजुषीचा असतो.

घरी आल्यावर थंड पाण्याने एकदा धुऊन फडक्याने कोरडे कर. मीठ लावू नकोस. आपल्याकडे हळद-मीठ चोळून ठेवायची सवय आहे, पण मीठ पाणी ओढून काढतं आणि तेल लवकर खवट करतं. मीठ तळायच्या आधी.

आता मुद्द्याचं. मासा सावकाश गोठला तर पेशींतल्या पाण्याचे मोठे, टोकदार स्फटिक होतात आणि पेशी फाटतात. वितळवताना बशीत जे गुलाबी पाणी साचतं ते तेच. त्याच्याबरोबर चव गेली आणि तुकडी कोरडी भुसभुशीत झाली. म्हणून गोठवताना घाई हवी. एका जेवणाच्या चार तुकड्या एका जाड झिपच्या पिशवीत, एकच थर, एकीवर एक नाही. पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवून ती पाण्याच्या पातेल्यात बुडव, पाणीच हवा बाहेर ढकलतं, मग तोंड बंद कर. हवा राहिली तर बर्फाची सरळ वाफ होते आणि तुकडीवर पांढरे सुकट डाग पडतात. ती खाऊन बाधत नाही, पण खावीशीही वाटत नाही. पिशव्या स्टीलच्या ताटात आडव्या पसर. गोठल्या की पुस्तकांसारख्या उभ्या लाव आणि वर तारीख लिही. नाही लिहिलीस तर जुलैत सगळ्या सारख्याच दिसतात.

एका दिवसात सगळं कोंबायचं नाही. तुझा फ्रीजर साठेक लिटरचा, त्याला दिवसाला दोन किलो पुरे. जास्त घातलंस तर आतलं तापमान चढतं, नवंही सावकाश गोठतं आणि जुनंही मऊ पडतं. काटा उणे १८ वर हवा. आइस्क्रीम दगडासारखं घट्ट राहत नसेल तर तिथे पोहोचलेला नाही असं समज. मागच्या जाळीला पिशव्या टेकवू नकोस, गार हवा तिथूनच येते.

कोलंबीची डोकी काढ, साल ठेव, डब्यात भरून बुडेल एवढं पाणी घाल आणि वरती बोटभर जागा सोड, कारण पाणी गोठताना फुगतं. बर्फाच्या लादीत ती हवेपासून वाचते. सोलून ठेवली की चिवट होते.

वितळवताना मात्र सबुरी. रात्री पिशवी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, काठाच्या ताटलीत ठेव, अर्धा किलो सकाळपर्यंत मोकळा होतो. ओट्यावर ठेवू नकोस. आतला गाभा दगड असतानाच बाहेरची कड पुण्याच्या हवेत कोमट होते, आणि गोठवल्याने जिवाणू मेलेले नसतात, फक्त थांबलेले असतात. घाई असली तर बंद पिशवी थंड पाण्यात, दर अर्ध्या तासाने पाणी बदलून, तासाभरात काम होतं. गरम पाणी नाही. तळायची तुकडी पूर्ण वितळवून, टिपून कोरडी कर, नाहीतर तव्यावर तळण्याऐवजी वाफवून निघते. कालवणाला एवढंही नको, उकळत्या रश्शात गोठलेली तुकडी सोडली तरी चालते, चार-पाच मिनिटं जास्त.

फ्रीजच्या कप्प्यात वितळलेला मासा उरला तर शिजवून ठेव. त्याच दिवशी कच्चाच परत गोठवला तर बाधत नाही, पण पेशी दुसऱ्यांदा फाटतात, मग खाताना कापूस.

आमरसाचे डबे माशांपासून लांब, घट्ट झाकणाचे, पावशेराचे. किलोला शंभर ग्रॅम साखर घातलीस तर रंग टिकतो.

आणि पावसात वीज जाणारच. एका वाटीत पाणी गोठवून वर रुपयाचं नाणं ठेव. गावाहून परतल्यावर ते वरच असलं तर मासे खा. तळाशी गोठलेलं दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून परत गोठलं आहे. मग वास बघत बसू नकोस, टाकून दे.

तुझा,
अविनाश