रात्रीत फुटलेल्या पाईपचा क्लेम ‘जुनी ओल’ म्हणून नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, क्लेम विभाग

आज सकाळी तुमच्या कॉल सेंटरशी सातव्यांदा बोलले. आता फोन पुरे झाले, म्हणून लिहिते आहे.

घर साताऱ्यातलं, सासऱ्यांनी १९५४ साली बांधलेलं. दगडी जोतं, विटांच्या भिंती, वर लाकडी तुळया-फळ्यांचा कडीपाट. बांधकामाचं वर्ष अर्जात आहे आणि ते तुमच्याच एजंटने भरलं आहे. ९ फेब्रुवारीच्या पहाटे वरच्या मोरीमागचा लोखंडी जीआय पाईप एल्बोपाशी, म्हणजे वळणाच्या जोडापाशी, फुटला. हजार लिटरची भरलेली टाकी आम्ही जागे होईपर्यंत रिकामी झाली होती आणि खालच्या खोलीत कडीपाटाच्या फटींतून धारा लागल्या होत्या. फळ्या फुगल्या, भिंतीचा गिलावा सुटला, वायरिंग गेलं.

दुरुस्तीचा अंदाज १,८६,००० रुपये. त्यात नव्या पाईपचा एक रुपयाही नाही. पाईप आतून गंजला होता, तो बदलणं माझं काम, ते मी केलं. मी मागते आहे ते पाण्याने केलेल्या नुकसानीचे पैसे.

तुमचं पत्र म्हणतं, ‘दीर्घकाळची गळती, पावसाळी ओल आणि घराच्या वयामुळे झालेली झीज’. फेब्रुवारीत पावसाळी ओल? सर्व्हेअर पाचव्या दिवशी आले, दहा-बारा मिनिटं थांबले, वरच्या मजल्यावर गेलेच नाहीत. उत्तरेच्या भिंतीला जुनी ओल आहे, ती यात धरू नका, असं मीच त्यांना दाखवून सांगितलं. अहवालात फोटो नेमका त्याच भिंतीचा लागला. मी खरं सांगितलं, तेच माझ्याविरुद्ध वापरलं.

माझी पॉलिसी भारत गृह रक्षा आहे. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना लावून दिलेली तीच. भरपाई कशाकशाची मिळते त्या यादीत आग, भूकंप, पूर यांच्याबरोबर पाण्याच्या टाक्या, उपकरणं आणि पाईप फुटणं किंवा भरून वाहणं हेही स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या ओळीत घराचं वय कुठेही नाही. झीज पाईपची झाली होती. कडीपाट झिजला नव्हता, तो एका रात्रीत भिजला.

आता आजचं बोलणं. तुमच्या कॉल सेंटरवरचा मुलगा म्हणाला, “मावशी, घर सत्तर वर्षांचं आहे ना? मग पाणी गळायचंच.” मी म्हटलं, बाळा, गळणं वेगळं आणि फुटणं वेगळं, पॉलिसीतली ती ओळ मला वाचून दाखव. त्याने चार मिनिटं होल्डवर ठेवलं. परत येऊन म्हणाला, “सिस्टीममध्ये सीपेज लिहिलंय.” म्हणजे हळूहळू झिरपणं. कोणी लिहिलं? “सर्व्हेअर साहेबांनी.” मग ते बरोबर आहे का, हे कोण तपासतं? यावर उत्तर नाही. आणि मग म्हणाला, “मावशी, एवढं जुनं घर ठेवायचंच कशाला? रिडेव्हलपमेंटला देऊन टाका ना.” फोन स्पीकरवर होता. यजमान समोर बसले होते. याच घरात जन्मलेला माणूस. ते काही न बोलता उठून आत गेले. मावशी म्हटल्याचा मला राग नाही. पण माझं घर ठेवायचं की पाडायचं, हे विचारायला मी फोन केला नव्हता. हप्ता घेताना हे घर तुम्हाला चाललं, एकदाही जुनं वाटलं नाही.

पुन्हा सांगते, पाईप एका रात्रीत फुटला. प्लंबरचं लेखी पत्र आणि त्याच सकाळी काढलेले फोटो तुमच्याकडे आहेत. अहवालात त्यांचा उल्लेखसुद्धा नाही.

दुसरा सर्व्हेअर पाठवा, तो वरच्या मजल्यावर जाऊ दे आणि क्लेम नव्याने तपासा. नाकारायचाच असेल तर पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली, ते लेखी कळवा. महिनाभरात समाधानकारक उत्तर आलं नाही तर पुण्याला विमा लोकपालांकडे तक्रार करेन. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. बारा वर्षं न चुकता हप्ते भरले, धाकट्या जावेलाही तुमचीच पॉलिसी घ्यायला लावली. तिला आता काय सांगू?

फुटलेला एल्बो मी जपून ठेवला आहे. पाहायचा असेल तर माणूस पाठवा. फोन करू नका.

आपली पॉलिसीधारक,
सातारा