गाइडच्या हातात शिलालेख द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुट्ट्या लागल्या की पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात आणि आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले लोक त्यांना ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर नेतोच, तिथे चतुर्भुज मंदिरातल्या शिलालेखापाशी गाइडचं ठरलेलं वाक्य, ‘ये दुनिया का सबसे पहला झीरो है’, की लोक फोटो काढून पुढे. पण हे खरं नाहीये हो. कंबोडियातल्या एका शिलालेखात शून्य आहे तो इ.स. 683 चा, आपला 876 चा.

आणि त्याने आपल्या लेखाचं काहीच कमी होत नाही! त्यात लिहिलंय काय ते सांगा ना लोकांना. फुलबागेसाठी 270 हात बाय 187 हात जमीन दिली, माळ्यांनी देवाला रोज 50 माळा द्यायच्या, तेल्यांनी दिव्यासाठी तेल द्यायचं. त्या 270 आणि 50 मधलं शून्य आपण आज काढतो तसंच, छोटंसं गोल. म्हणजे साडेअकराशे वर्षांपूर्वी ग्वाल्हेरात माळ्यांच्या हिशोबात शून्य अगदी सहज वापरात होतं, कोरणाऱ्याला त्यात विशेष काही वाटलेलं दिसत नाही. मला तर हे ‘सबसे पहला’ पेक्षा कितीतरी भारी वाटतं.

तीच गोष्ट ग्वाल्हेरजवळच्या मितावलीची. तिथलं गोल चौसष्ट योगिनी मंदिर बघून दिल्लीचं जुनं संसद भवन बांधलं असं छातीठोक सांगतात, पुरावा काही नाही, उलट त्याचा वास्तुविशारद हर्बर्ट बेकर, त्याचा आधीचा आराखडा त्रिकोणी होता आणि गोल करा हा आग्रह त्याचा सहकारी लट्यन्सचा.

गाइडला दोष देत नाही मी. भर उन्हात चाळीस जणांना धरून ठेवणं अभ्यासकांना जमणार नाही, पण अभ्यासकांचं लिखाण पडून राहतं इंग्रजी जर्नलांत, ते गाइडपर्यंत पोचवायचं कोणी? ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख, आपल्याच मो. ब. गर्द्यांनी किल्ल्याच्या गूजरी महालात म्युझियम उभं केलं आणि लोकांसाठी त्याची गाइडबुकही लिहिली, म्हणजे ही पद्धत ग्वाल्हेरला नवीन नाही. जीवाजी विद्यापीठात पुरातत्त्वाचा विभाग आहे, त्यांनी सीझन सुरू व्हायच्या आधी गाइडना किल्ल्यावर नेऊन लेख ओळीओळीने समजावावा, आणि त्याचा अर्थ हिंदी-मराठीत एका पानावर छापून हातात द्यावा. ग्वाल्हेरचं नाव कसं पडलं ती सूरजसेन राजा आणि ग्वालिपा ऋषींची गोष्ट जरूर सांगा, फारच छान आहे ती, फक्त आधी ‘ही दंतकथा’ एवढं म्हणा.

– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर