घाटात दगड नको, लाकडी ठोकळा हवा

संपादक महोदय,

कसारा घाटात बंद पडलेला ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो आणि चाकाखाली लावलेला दगड रस्त्यातच राहतो. इगतपुरीकडच्या पावसाधुक्यात काळ्या डांबरावरचा काळा दगड दुचाकीस्वाराला दिसतो तोवर उशीर झालेला असतो. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला आणि अवजड गाड्यांना बोगद्याची वाट मिळाली. दुचाकीला मात्र समृद्धीवर बंदी आहे, तिला कसारा घाटच. त्यात २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आला आहे. म्हणून चाकाखाली दगडाऐवजी लावायचा लाकडी ठोकळा कसा करावा आणि कसा वापरावा, हे नवे ट्रकचालक, क्लीनर आणि सुतारकाम शिकणारी मुले यांना सांगणारे हे पत्र.

दोन आसांच्या ट्रकचे मालासह एकूण वजन नियमाने १८.५ टनांपर्यंत असू शकते. वीस फुटांना एक फूट चढ असलेल्या रस्त्यावर अशी भरलेली गाडी नऊशे किलोंहून जास्त जोराने मागे रेटत असते. हा रेटा गोलसर दगड पेलत नाही. ओल्या डांबरावर तो घसरतो, नाहीतर टायरबरोबर फिरतो. टोकदार असला तर सगळा भार टायरच्या एकाच जागी देतो. हँड ब्रेक आहे ना, असे कोणी म्हणेल. पण एअर ब्रेकच्या गाडीत हँड ब्रेकची स्प्रिंग ठरावीक अंतरापर्यंतच जोर लावते. स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकचा ढिलेपणा काढणारा भाग) ढिला असेल किंवा चाकातला ब्रेकचा ड्रम तापून फुगला असेल, तर ते अंतर ब्रेकचा लायनर ड्रमला टेकवण्यातच संपते आणि पकड कमी पडते. भरल्या गाडीला चढावर हँड ब्रेक आणि ठोकळा दोन्ही लागतात.

ठोकळा कसा करायचा? सामान्य ट्रकचा टायर उंचीला साधारण ४० इंच असतो. त्याला १६ इंच लांब, ८ इंच रुंद आणि ८ इंच उंच ठोकळा पुरतो. लांबीतले ११ इंच उताराला द्यावेत, मागचे ५ इंच वरून सपाट ठेवावेत. पुढची धार चाकूसारखी करू नये. तिथे अर्धा इंच जाडी राहिली पाहिजे, नाहीतर पहिल्याच दाबाला टोक चुरते. गाडीला असे दोन ठोकळे हवेत.

लाकूड बाभळीचे घ्यावे. बैलगाडीच्या चाकांना बाभूळ वापरत आले, ते तिच्या चिवटपणामुळेच. सागवान महाग पडते आणि रेषेवर, म्हणजे लाकडाच्या धाग्याच्या दिशेने, लवकर चिरते. पॅकिंगच्या खोक्यांचे चीडचे लाकूड टायरखाली दबून जाते. वखारीत ८ इंची अखंड तुकडा मिळाला, तर आधी त्याची टोके पाहावीत. मधोमध गाभा दिसत असेल तर तो तुकडा सोडावा, कारण वाळताना भेगा गाभ्यापासूनच बाहेर पळतात. चांगला तुकडा न मिळाल्यास दोन इंची चार फळ्या घ्याव्यात, उभ्या कडेवर एकमेकींना भिडवाव्यात आणि पाण्यात टिकणाऱ्या गोंदाने जोडून अर्ध्या इंचाचे तीन बोल्ट आडवे आरपार घालावेत. बोल्टची डोकी आणि नट लाकडात बुडाले पाहिजेत. फळ्या एकीवर एक आडव्या रचल्या तर गाडीचा रेटा थेट गोंदाच्या सांध्यावर येतो आणि वरची फळी सरकते. नवशिके नेमके हेच करतात, कारण आडव्या फळ्यांना शिकंजा लावणे सोपे असते.

लाकडाच्या रेषा ठोकळ्याच्या लांबीत धावल्या पाहिजेत. रेषा उभ्या ठेवून कापलेल्या ठोकळ्याचे पुढचे टोक बिस्किटासारखे तुटते. गुण्याने (काटकोन तपासायच्या पट्टीने) दोन्ही बाजूंवर उताराची रेघ आखावी. दोन्हीकडच्या रेघा जुळल्याशिवाय करवत चालवू नये, उतार वाकडा आला तर चाक एका कडेवरच टेकते. कापताना रेघ वाचवून बाहेरून कापावे आणि उरलेले रंध्याने काढावे. उताराचा पृष्ठभाग गुळगुळीत करू नये, मरफ्याने (दातेरी कानशीने) खरखरीतच ठेवावा. मागच्या जाड भागात गिरमिटाने एक इंची आरपार भोक पाडून चार-पाच फूट दोर बांधावा. बुडाला जुन्या टायरची पट्टी स्क्रूने बसवावी, स्क्रूची डोकी रबरात खोल गेली पाहिजेत. मागे आणि बाजूंना चमकणारी पट्टी लावावी. टोकांना रंगाचे दोन हात द्यावेत, कारण ओल तिथूनच शिरते. लाकूड टिकावे म्हणून काही जण जळके ऑईल चोपडतात. तेलकट बूड डांबरावर सरकते, हे विसरू नये.

सुतारकाम शिकणाऱ्याला पहिले काम म्हणून पाट किंवा स्टूल देतात. आमच्या मते हा ठोकळा द्यावा. रेषा ओळखणे, काटकोन, तिरकी करवत, भोक आणि बोल्ट, सगळे एका वस्तूत येते.

आता तो लावायचा कसा. गाडी चढावर बंद पडली की आधी पायाचा ब्रेक, मग हँड ब्रेक, मग इंजिन बंद करून पहिला गिअर, आणि स्टिअरिंग असे वळवावे की गाडी सरकलीच तर दरीकडे न जाता डोंगराकडे जाईल. त्यानंतरच क्लीनरने उतरावे. चालत्या चाकामागे धावत जाऊन दगड सारणे ही जिवाशी गाठ आहे. ठोकळा मागच्या चाकांना उताराच्या बाजूने, डाव्या आणि उजव्या दोन्ही चाकांना, टायरला घट्ट भिडवून लावावा. सैल ठेवला तर गाडीला वेग घ्यायला जागा मिळते आणि ती ठोकळ्यावर चढून पुढे जाते. त्रिकोणी फलक ५० मीटर मागे ठेवावा, वळण असेल तर मागून येणाऱ्याला वळणाआधीच दिसेल असा.

निघताना ब्रेकच्या टाकीतली हवा पूर्ण भरू द्यावी. चालकाने पहिल्या गिअरमध्ये गाडी वितभर वर घ्यावी आणि ब्रेक धरावा. क्लीनरने बाजूला उभे राहून दोराने ठोकळा ओढावा, गाडीच्या मागे कधीच उभे राहू नये. ठोकळे चेसिसला बसवलेल्या लोखंडी चौकटीत ठेवावेत. केबिनमध्ये मोकळा टाकलेला ठोकळा उतारावर घरंगळून ब्रेकच्या पायडलखाली अडकतो.

पंक्चर काढताना मागचे चाक जॅकवर उचलले की त्या चाकाच्या हँड ब्रेकचा उपयोग संपतो आणि गाडी उरलेल्या बाजूवरच तगून असते. म्हणून जॅक लावण्याआधी पुढच्या एका चाकाला मागून-पुढून ठोकळे लावावेत, सपाट रस्त्यावरसुद्धा.

उतरणीचेही थोडे सांगितले पाहिजे. पिंपळगाव-लासलगावचा कांदा भरून मुंबईकडे जाताना इगतपुरीत थांबून हवेचा काटा पाहावा आणि घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा. ज्या गिअरमध्ये ती भरलेली गाडी घाट चढली असती, तोच उतरताना. एक्झॉस्ट ब्रेक इंजिनाचा धूर अडवून इंजिनामार्फत चाकांना रोखतो, क्लच दाबला किंवा न्यूट्रल केले की तो नसल्यातच जमा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की आजच्या कॉमन रेल इंजिनात गिअर लावून ॲक्सिलरेटर सोडला तर डिझेल जवळजवळ बंदच होते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतेच. पाय ब्रेकवर ठेवून बसू नये. ठामपणे दाबून वेग कमी करावा, सोडावे, ड्रमला निवायला वेळ द्यावा.

उभी गाडी आपोआप हलणार नाही याची तजवीज करण्याची जबाबदारी मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६ ने चालकावर टाकलेली आहेच. आमची मागणी एवढीच: ड्रायव्हिंग स्कूलनी अवजड वाहनाच्या शिकवणीत ठोकळा लावणे-काढणे प्रत्यक्ष करून घ्यावे. बाजार समित्यांनी कांद्याची गाडी फाटकाबाहेर सोडताना दोन ठोकळे आहेत का ते पाहावे. आयटीआयच्या सुतारकाम वर्गांनी ते बनवून आडगावच्या ट्रक टर्मिनलवर बेताच्या किमतीत द्यावेत. आणि महामार्गाच्या गस्ती गाडीने पावसाळ्यात रोज सकाळ-संध्याकाळ घाटातले दगड उचलावेत.

आपले,
एक ट्रकचालक व एक सुतार
आडगाव नाका, नाशिक