गुणी मुलांच्या गप्प राहण्याकडेही पाहावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या निकालांच्या दिवसांत नापास झालेल्या मुलांना जपा, असे सगळेच सांगतात आणि ते योग्यच आहे. पण चांगले गुण मिळूनही ज्यांना मनातून कमीपणा वाटत असतो, ती मुले नजरेतून निसटतात, कारण त्यांना ‘गुणी’, ‘गरीब स्वभावाची’ म्हणून आपण मोकळे होतो.

ऐरोलीत मी घरी गणिताची शिकवणी घेते. नववीतली एक विद्यार्थिनी लिहिलेले उत्तर खोडरबराने इतके घासत असे की कागद विरून जाई. एकदा तिची वही मी खिडकीपाशी उजेडात धरली, तेव्हा खोडलेली बहुतेक उत्तरे बरोबर होती असे दिसले. त्यांच्या जागी तिने शेजारी बसणाऱ्या मुलीची उत्तरे उतरवली होती आणि त्यांतली दोन चुकलेली होती. तोवर ‘किती शांत मुलगी’ म्हणून मी तिला चारचौघांत वाखाणत होते, याचे मला आजही वाईट वाटते.

मग बाकीचेही दिसू लागले. धक्का दुसऱ्याचा लागला तरी ‘सॉरी’ हीच म्हणायची. गुण चांगले पडले की ‘पेपर सोपा होता’ आणि कमी पडले की ‘मी ढच आहे’, म्हणजे यश पेपरचे आणि अपयश तेवढे तिचे. काय हवे असे विचारले तर ‘काहीही चालेल’. मोठ्यांतही हे असतेच. सोसायटीच्या सभेत ‘मला फारसे कळत नाही, पण...’ अशी सुरुवात करून नेमका मुद्दा मांडणाऱ्या भगिनी मी पाहिल्या आहेत. एखाद-दुसऱ्या गोष्टीवरून निष्कर्ष काढू नये, मूल नुसते लाजाळूही असू शकते. मात्र घरी, शाळेत, मैत्रिणींत सगळीकडे आणि महिनोन्‌महिने हेच चालले असेल, तर त्याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नये.

मुलांना फार चढवून ठेवू नये, अशी भीती पालक बोलून दाखवतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ मध्ये किशोरवयीनांच्या अभ्यासातून आत्मसन्मान मोजणारी दहा विधानांची जी मोजपट्टी मांडली आणि जी आजही वापरली जाते, तिच्यात इतरांपेक्षा वरचढ वाटणे अपेक्षितच नाही. आपण इतरांच्या बरोबरीचे आहोत, एवढेच वाटणे पुरेसे धरले आहे.

सतत उदासी, झोप व भूक बिघडणे, ‘मी नसले तरी चालेल’ असे बोलणे दिसले, तर मात्र थांबू नये. ठाण्यात आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचे काम करते आहे, आणि केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतून विनामूल्य बोलता येते. निकालाच्या दिवशी गुणवंतांच्या छायाचित्रांशेजारी हा क्रमांक आपण दरवर्षी छापावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक शिक्षिका, ऐरोली, नवी मुंबई