किती, आणि कशातलं?

सोलापूर,
मे महिन्यातला रविवार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देता येण्यासारखं नव्हतं. समोर गिऱ्हाईकं होती, त्यातल्या एकाला खोकल्याचं असं औषध हवं होतं की ज्याने झोप येणार नाही, कारण रात्रपाळीला मागावर उभं राहायचं होतं. आज दुकान अर्धा दिवसच आहे. दुपारी अशोक चौकात चिटपाखरू नाही, ऊन नुसतं रटरटतंय. म्हणून निवांत लिहितो.

तुझ्या तक्रारी दोन. नर्सिंगच्या अभ्यासातलं फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, हे नुसतं पाठांतर, आणि वॉर्डात पोस्टिंग लागल्यापासून इंजेक्शन भरताना हात थरथरतो. पहिल्याचं वाईट वाटलं. दुसऱ्याचं, खरं सांगू का, बरं वाटलं. ज्याचा हात पहिल्या दिवसापासून थरथरत नाही अशा माणसाच्या हातून मी तरी इंजेक्शन घेणार नाही.

पाठांतराचं आधी उरकतो. ब्रँडची नावं पाठ करायच्या फंदात पडू नकोस. माझ्या कपाटात एकाच गोळीची इतकी नावं आहेत की मलाच हसू येतं. जेनेरिक, म्हणजे औषधाचं मूळ नाव धर आणि त्याचा शेवट बघ. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल, सगळी 'ओलॉल'वाली. यांनी नाडी मंदावते, म्हणून देण्याआधी नाडी मोजायची, आणि पेशंटला दमा असेल तर हात आवरून आधी विचारायचं. 'प्रिल' म्हणजे एनालाप्रिल, रॅमिप्रिल. बीपी उतरवतात, पण काहींना कोरडा खोकला लागतो. तो खोकला घेऊन लोक माझ्याकडे सिरप मागायला येतात आणि मी आधी बीपीची चिठ्ठी बघतो. 'सार्टन'वाल्यांचं काम जवळपास तेच, खोकला मात्र सहसा नाही. गरोदर बाईला दोन्ही नकोत. अमलोडिपिनसारखं 'डिपिन' आलं की पावलांची सूज आठव. असं एका गटाचं एक काम आणि एक खोड लक्षात ठेवलीस तर निम्मं पुस्तक आपोआप डोक्यात बसतं. नावाच्या सुरुवातीवर मात्र कधीच जाऊ नकोस. मेटफॉर्मिन साखरेचं, मेट्रोनिडाझोल जुलाब-आमांशाचं, आणि मेटोप्रोलॉल तर हृदयाचं. घाईघाईत खरडलेली चिठ्ठी असली की पहिली दोन नावं सारखीच दिसतात. अशा वेळी मी पेशंटला विचारतो, 'तुम्हाला शुगर आहे का?' गोळी कशासाठी दिली आहे हे कळलं की अक्षर लागतं. तुमच्या पुस्तकात योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ असं पाठ करून घेतात, ते ठीकच. पण 'कशासाठी' हा प्रश्न त्याच्या आधी यायला हवा असं माझं मत.

शोषण, वितरण, चयापचय आणि उत्सर्जन हे औषधाच्या अंगातल्या प्रवासाचे चार शब्द परीक्षेत लिहून टाकायचे म्हणून पाठ करू नकोस. तोंडातून घेतलेलं औषध आतड्यातून आधी लिव्हरकडे जातं. लिव्हर म्हणजे आपल्या गावाबाहेरचा जुना जकात नाका समज, माल शहरात शिरायच्या आधी तिथे थांबणार आणि थोडाफार कापला जाणारच. काही औषधं तिथे इतकी कापली जातात की पुढे फार काही उरत नाही. छातीत कळ आलेल्याला सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायला सांगतात ते याचसाठी. जिभेखालून औषध थेट रक्तात उतरतं, नाका चुकतो. आजोबांनी ती गोळी पाण्याबरोबर गिळली तर उशीर होतो आणि जोरही कमी पडतो. देताना 'गिळू नका' हे दोन शब्द तूच सांगायचे आहेस.

लिव्हरचं आणखी एक. टीबीच्या गोळ्यांतलं रिफॅम्पिसिन लिव्हरची औषध मोडण्याची गती वाढवून ठेवतं. मग बाकीची बरीच औषधं लवकर संपतात, त्यात संततिनियमनाच्या गोळ्याही आल्या. आपल्या भागात विड्या वळणाऱ्या कितीतरी बायका टीबीच्या गोळ्या न्यायला जातात. लघवी नारिंगी होईल, घाबरू नका, हे त्यांना सांगितलं जातं. दुसरी गोष्ट माझ्यासारख्या पुरुषमाणसाने काउंटरवरून, चारचौघांत सांगायची म्हणजे अवघड. तू सांगू शकतेस.

अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ, हेही वाटतं तितकं कोरडं नाही. थायरॉईडच्या गोळीचं, थायरॉक्सिनचं, अर्धायुष्य साधारण ७ दिवसांचं. म्हणून डोस बदलला की टीएसएच ही रक्ततपासणी ६ आठवड्यांनी करायला सांगतात, चार दिवसांत करून उपयोग नाही. (तुझी आई ती गोळी अजूनही चहाबरोबर घेते. रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास काही नाही, हे मी सांगून दमलो. आता तू सांग, तुझं ऐकेल.) उत्सर्जनाचं म्हणशील तर, वय झालेल्या पेशंटला अमिकासिन किंवा जेंटामायसिन ही अँटिबायोटिक इंजेक्शनं लागली की क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या कामाचा रिपोर्ट बघायची सवय लाव. किडनी हळू असेल तर कालचा डोस अजून अंगात असतो.

आता तुझ्या थरथरणाऱ्या हाताकडे येतो. हे पत्र खरं म्हणजे त्यासाठीच आहे.

इतकी वर्षं चिठ्ठ्या वाचून मला एक कळलंय. घोटाळा औषधाच्या नावात होतो त्यापेक्षा आकड्यात जास्त होतो, कारण आकडा लिहिणाऱ्याच्या डोक्यात एक बाटली असते आणि देणाऱ्याच्या हातात दुसरी. पॅरासिटामॉलचंच घे. १० किलोचं लेकरू, किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १५० मिलिग्रॅम. सिरप ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं असेल तर ६ मिली. ५ मिलीत २५० वालं असेल तर ३ मिली. आणि तान्ह्या बाळाचे ड्रॉप्स असतील, तर त्यात १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे फक्त दीड मिली. आता आई सांगते, 'मागच्या वेळी ६ मिली दिलं होतं' आणि घरात या वेळी ड्रॉप्सची बाटली आहे. ६ मिली ड्रॉप्स म्हणजे ६०० मिलिग्रॅम, चौपट. तेच औषध, तोच आजार, तोच आकडा. म्हणून कोणी नुसतं 'पाच मिली द्या' म्हणालं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, 'कशातलं?'

इन्सुलिनमध्ये हे आणखी भयंकर आहे, कारण तिथे बाटलीबरोबर सिरिंजही बदलते. आपल्याकडे वायल, म्हणजे इंजेक्शनची बाटली, बहुतेक १ मिलीत ४० युनिटची, तिची सिरिंज लाल टोपीची. पेनची कार्ट्रिज १ मिलीत १०० युनिटची, आणि १०० ची सिरिंज नारिंगी टोपीची. पेन मोडलं की लोक हुशारी करतात, कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने ओढतात. २० च्या रेघेपर्यंत ओढलं की अर्धा मिली होतो, आणि त्यात २० नाही, ५० युनिट असतात. माणूस पहाटे घामाघूम होऊन बेशुद्ध. उलटं केलं, ४० ची वायल नारिंगी सिरिंजने, तर २० च्या जागी ८ युनिट जातात आणि साखर का उतरत नाही म्हणून डोस वाढत राहतो. केसपेपरवर युनिटसाठी नुसतं इंग्रजी 'यू' लिहायचं नाही, पूर्ण शब्द लिहायचा. घाईत तो 'यू' शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात. तसंच १ लिहायचं असेल तर १.० लिहू नकोस, टिंब पुसट झालं की १० वाचतात. अर्धा लिहायचा असेल तर टिंबाआधी शून्य हवंच, ०.५.

इन्सुलिनवरून आठवलं, उन्हाळ्यात हे तू पेशंटना आवर्जून सांग. न उघडलेली वायल फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळवून वापरत नाहीत, फेकतात. अक्कलकोटकडच्या खेड्यातल्या घरांत फ्रिज नसतो, असला तर लाइट नसते, आणि इथला पारा चाळिशीच्या वर. त्यांना मी सांगतो की मातीच्या मडक्यात थोडं पाणी घाला, त्यात वायल पाण्याला न लागता छोट्या भांड्यात ठेवा आणि मडकं सावलीत असू द्या. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत तर कधीच नाही.

मागे एक मुलगा आईच्या सांधेवाताच्या गोळ्या न्यायला आला. मेथोट्रेक्झेट, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, बरोबर फॉलिक ॲसिड. दहा गोळ्यांची पट्टी म्हणजे दहा आठवडे जायला हव्यात. हा दहा-बारा दिवसांतच परत आला. मी चिठ्ठीही न बघता विचारलं, 'पहिली पट्टी कुठे गेली?' दोन्ही गोळ्या पिवळ्या आणि बारीक. घरी अदलाबदल झाली होती, रोजची आठवड्याला आणि आठवड्याची रोज. बाईंच्या तोंडात फोड आले होते, ते उन्हाळ्यामुळे म्हणून अंगावर काढत होत्या. लगेच दवाखान्यात पाठवलं, पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या, थोडक्यात वाचल्या. यात लिहिणारे डॉक्टर चुकले नव्हते, औषध बरोबर, डोस बरोबर. 'आठवड्यातून कोणत्या वारी' हे तेवढं कोणी विचारलं नव्हतं. तू सुटी देताना पेशंटकडून वार वदवून घे, आणि पट्टीवर पेनाने 'फक्त सोमवार' असं लिहून दे.

वॉर्डात मात्र सगळ्यात जास्त एका गोष्टीला भी. पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची अँप्युल, म्हणजे इंजेक्शनची छोटी बंद कुपी. डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलशेजारी ठेवली तर लांबून जुळ्या बहिणी वाटतात. एका अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, आणि ते सरळ शिरेत सोडलं तर हृदय थांबतं. ते नेहमी सलाईनमध्ये पातळ करून, नीट हलवून, हळूहळूच जातं, आणि विद्यार्थिनीने एकटीने हात लावायची ती गोष्टच नाही. कोणी घाईत 'अगं, पाणी घालून ढकल' म्हणालं, तरी अँप्युलवरचं नाव स्वतः वाच. काढताना एकदा, भरताना एकदा, रिकामी अँप्युल टाकण्याआधी एकदा.

मार्गही तेवढाच जपायचा. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत, ॲड्रेनालिन मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, १ मिलीत १ मिलिग्रॅमच्या अँप्युलमधलं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. तेच न पातळ करता शिरेत गेलं तर वाचवायला आणलेलं औषध जीव घेऊ शकतं. फिट्सचं फेनिटोइन नॉर्मल सलाईनमध्येच, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका होतो. नाकातल्या नळीतून द्यायचं म्हणून गोळी कुटण्याआधी पट्टी बघ. एसआर, म्हणजे हळूहळू सुटणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम जातो.

आणि पेशंट. 'तुम्ही सिद्धाराम ना?' असं कधी विचारू नकोस. आपल्या जिल्ह्यातल्या वॉर्डात दोन सिद्धाराम आणि एक मल्लिनाथ असतोच, आणि म्हातारी माणसं सिस्टरने काहीही विचारलं तरी 'हो' म्हणतात. आपल्या पूर्व भागातल्या तेलुगू आज्या तर नुसती मान डोलावतात. 'नाव काय तुमचं?' असं विचार, मग हातावरचा पट्टा आणि केसपेपर जुळव. फोनवरून डोस सांगितला तर लिहून घे आणि वाचून दाखव, आकडे सुटे सुटे. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' फोनवर एकच ऐकू येतं.

सीनियरना विचारलं तर रागावतात म्हणतेस. रागावू देत. पण विचारायची रीत असते. 'सर, हे चुकलंय' म्हणण्यापेक्षा 'सर, ५ मिली लिहिलंय, कोणत्या स्ट्रेंथचं द्यायचं?' असं विचार. मी डॉक्टरांना रोज असे फोन करतो. काही जण वैतागतात, बहुतेक जण थांबून बघतात.

औषध दिल्यावर पुरळ, सूज, चक्कर, काही वेगळं दिसलं तर नुसतं नर्सिंग नोट्समध्ये लिहून सोडू नकोस. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत गरोदर बायकांना मळमळीवर थॅलिडोमाइड मिळू लागलं. १९६१ मध्ये ते बंद होईपर्यंत हजारो मुलं अपुऱ्या हातापायांची जन्मली. तेव्हापासून जगभर दुष्परिणामांच्या नोंदी ठेवायला लागले. आपल्याकडे हा कार्यक्रम २०१० पासून आहे आणि त्याचा फॉर्म नर्सही भरू शकते. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

खाली तीन गणितं देतो. कॅल्क्युलेटर न घेता कर.

१२ किलोचं लेकरू, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम, सिरप ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं. किती मिली?

१ लिटर सलाईन १० तासांत, सेट मिलीला २० थेंबांचा. मिनिटाला किती थेंब?

हेपॅरिन ३००० युनिट द्यायचंय, ट्रॉलीवर ५ मिलीची वायल आहे. किती मिली काढशील?

पहिल्या दोनची उत्तरं रात्री व्हॉट्सॲपवर टाक. तिसऱ्याचं उत्तर पाठवण्याआधी मला फोन कर.

तुझे
पप्पा