कारवी बघायला गर्दी, सुतार पक्ष्याच्या खोडाला कुऱ्हाड

महोदय,
कारवी फुलली की येऊरच्या, बोरिवलीच्या जंगलाकडे लोक लोटतात. 2016 सालच्या बहरात मीही गेलो होतो. सात-आठ वर्षे नुसती पाने मिरवणारे हे झुडूप एकदाच जांभळे होते, बी धरते आणि मरते. वाळलेल्या काठ्या कुडाच्या भिंतींना लागतात. म्हणजे मेल्यावरही कारवी कामाची, हे डोंगरातल्या माणसाला पक्के ठाऊक आहे.

मग वाळलेल्या झाडाला हाच न्याय का नाही? सोनेरी पाठीचा सुतार पक्षी त्याच जंगलात आणि आपल्या आमराईतही राहतो. लाल तुरा, दोन बोटे पुढे, दोन मागे, ताठ शेपटीचा टेकू देऊन खोडावर बसायचे आणि सालीखालच्या मुंग्या, अळ्या टिपायच्या. त्याला बहर नाही, ऋतू नाही. बारा महिने काम. घरटे पोखरायला किडके, मऊ पडलेले लाकूड त्याला सोपे जाते. त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे पोपट, साळुंक्या, पिंगळे संसार मांडतात.

आमच्या वसाहतीत गेल्या पावसाळ्याआधी असाच एक वाळका शिरीष बुंध्यापासून कापला. खोडाला दोन ढोल्या होत्या. फांद्या धोक्याच्या होत्या, मान्य. पण दहा-बारा फुटांचे खोड ठेवता आले असते. महापालिकांनी वृक्षछाटणीची परवानगी देताना आधी ढोल्या तपासाव्यात आणि जिथे धोका नाही तिथे खोड उभे ठेवावे, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे